शेतात सापडलेल्या रोमन ब्रोचची नोंद: माझा अनुभव

इंग्लंडात आपल्यापैकी कोणी मेटल डिटेक्टिंग (यंत्राने जमिनीतल्या धातूच्या वस्तू शोधणं) करत असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, कारण सापडलेल्या ब्रोचची नोंद होईपर्यंतच्या वेटिंगने मला जाम वैताग दिलाय आणि तो अजून उतरलेला नाही.

ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन, नांगरलेल्या शेतात सापडला, वीतभर पण खोल नव्हता. तांब्याच्या मिश्रधातूचा, गोल, 26 मिलीमीटरचा, मधे उंचवटा आणि भोवती बारीक बारीक खण, त्यात मीना भरलेला. निळा अजून झकास आहे, लाल मात्र हिरवट पडलाय. मागे पिन अडकवायचे दोन कान शिल्लक, पिन गेलेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. जागेवरच फोनवर दहा आकडी ग्रिड रेफरन्स (नकाशावरची नेमकी जागा सांगणारा नंबर) घेतला, तेवढं कराच, कुठे सापडला हे माहीत नसेल तर ब्रोच नुसता दागिना उरतो.

आता कायदा. सोन्याचांदीचा असता तर 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली 14 दिवसांत कॉरोनरला (खजिन्याची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवावं लागलं असतं. असा सुटा ब्रोच सहसा त्यात बसत नाही (2023 पासून फारच विशेष वस्तू असेल तर बसू शकते, म्हणून विचारून घ्या). म्हणजे तो शेतमालकाचा आणि नोंद ऐच्छिक. नोंद होते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवायच्या योजनेत, तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसरकडे, त्यांना सगळे एफएलओ म्हणतात.

आणि इथेच घोडं अडलं. नोंद ऐच्छिक, त्यामुळे किती दिवसांत करून देऊ हे कोणी सांगतच नाही. ब्रोच दिला, पावती घेतली, "बघून कळवतो" म्हणाले, आणि मग काही नाहीच. मेल केला की ऑटो रिप्लाय, फोन केला की मेसेज ठेवा. इकडे शेतकरी दर खेपेला विचारणार, माझा ब्रोच कुठंय, आणि वस्तू त्याची, परवानगी त्याची, मी काय सांगू? एकेका माणसाकडे केवढा भाग असतो, वस्तूंचा ढीग असतो, सगळं मान्य, पण "रांगेत आहे" एवढी एक ओळ पाठवायला काय जातं हो? शेवटी एकदाचा मेल आला तर काय, ग्रिड रेफरन्स कळवा! फॉर्मवर लिहिलेला, पिशवीवर मी स्वतः मार्करने लिहिलेला! असा संताप झाला सांगू.

सुटलं ते आमच्या डिटेक्टिंग क्लबच्या मीटिंगला. तिथे एफएलओ स्वतः येतात, समोर उभं राहून पावती दाखवली आणि नंतर पटापट हललं. मेल करत बसू नका, मीटिंगला गाठा.

नोंद मात्र सुंदर झालीये. वजन, मापं, दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक खणाचं वर्णन. त्या डेटाबेसमध्ये 15 लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यात आपला एक, खरंच अभिमान वाटतो. नेमकी जागा पब्लिकला दिसत नाही, ढोबळ भाग दिसतो, त्यामुळे रात्री चोरून खणणाऱ्यांची भीती कमी, शेतकरी पण खूश.

अरे हो, ब्रश, पाणी, व्हिनेगर काही लावू नका, मीना टवके उडून जातो. आणि देण्याआधी पुढून मागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे वस्तू तिकडे अडकली तरी शेतकऱ्याला दाखवायला हातात काहीतरी असतं.