पाये, मान आणि गच्चीवरची शेगडी

दत्तजयंतीच्या रात्री आबांची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. दातांच्या डॉक्टरांनी नवीन माप घेतलं आणि सांगितलं, पंधरा दिवस लागतील. तोवर गुरगुट्या भात आणि वरण. चौऱ्याऐंशीच्या आबांनी ते तीन जेवणं सोसलं. चौथ्याला ताट बाजूला सारून म्हणाले, "मला पायांचं सूप हवंय."

"आबा, मार्गशीर्ष चालू आहे," ही म्हणाली.

"तुझा चालू असेल, सूनबाई. इथे पौष लागला."

मुद्दा अगदीच खोटा नव्हता. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्ष आला की ग्वाल्हेरचे मराठी लोक एका महिन्यात असतात आणि भिंतीपलीकडचे शेजारी पुढच्या. आबांनी उभ्या जन्मात इथला हिशेब पाळलेला नाही, श्रावणसुद्धा साताऱ्याच्या पंचांगानेच. पण आता ते पेटले होते. "दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे छावणी टाकली, त्या छावणीचं लष्कर नावाचं शहर झालं. दोनशे वर्षं उलटली, आणि तुमचा मार्गशीर्ष अजून साताऱ्याहून येतो?"

हिने वाद घातला नाही, अटी घातल्या. स्वयंपाकघरात काही शिजणार नाही. कुकर मिळणार नाही, पातेली मिळणार नाहीत, फ्रिजला हात लावायचा नाही. गच्चीवर बापलेकांनी काय हवं ते करावं. माझ्या वाट्याला आली माळ्यावरची लोखंडी शेगडी, पोतंभर लाकडी कोळसा आणि एक चेपलेलं जर्मनचं पातेलं, ज्यात एके काळी आम्ही अंघोळीचं पाणी तापवत असू.

मला मटण करता येत नाही असं नाही. पण माझं ज्ञान म्हणजे मसाला परता, बोट्या टाका, कुकरला सहा शिट्ट्या द्या. सूप मी कधी केलं नव्हतं. मटणाचा भाव आठशेला टेकलेला, म्हणून खाटकाकडे जाऊन अर्धा किलोच मागितलं, सुपासाठी म्हणून. त्याने सुरी थांबवली. "सूप के लिए बोटी क्यों बिगाड़ रहे हो, साहब?" आणि मग त्यानेच काढून दिलं: चार पाये, अर्धा किलो मान चकत्या करून, आणि दोन नळ्या मधोमध फोडून. सगळे मिळून चारशे वीस रुपये. "पाये भुने हुए दूँ या कच्चे?" भाजलेल्याचे तीस रुपये जास्त होते. मी ते तीस रुपये वाचवले.

कुणी वाचवू नयेत. कच्च्या पायांवर केस असतात, आणि ते केस जाळायला मला निखाऱ्यांवर चिमट्याने एकेक पाय फिरवत तासभर बसावं लागलं. जळक्या केसांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असणार, कारण समोरच्या घराची खिडकी आवाज करून बंद झाली. कातडी काळपट झाली की सुरीच्या पाठीने खरवडायची. खूर तापला की त्याचं टोपण सैल होतं, चिमट्यात धरून पिरगळलं की टक्कन निघतं; निघालं नाही तर पुन्हा भाजायचं. सगळ्यात चिवट म्हणजे दोन खुरांच्या बेचक्यातले केस, तिथे सुरीचं टोकच घालावं लागतं. शेवटी कणीक आणि हळद चोळून तीन पाण्यांनी धुतलं. हात संध्याकाळपर्यंत तसेच वास मारत होते.

एवढं करून पहिलं सूप बिघडलं. सगळं एकदम पातेल्यात घातलं, वरून गरम पाणी, मीठ, आलं-लसूण, आणि शेगडीला वारा घालघालून दोन तास रटरटवलं. झाकण काढलं तर आत गढूळ करडं पाणी, वर फेसाच्या गुठळ्या आणि नाकाला झोंबणारा उग्र वास. आबांनी एक चमचा घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला आणि विचारलं, "पातेलं विसळलंस का रे त्यात?"

त्या रात्री पुण्याला आत्याला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "पहिलं पाणी ओतलंस का?" मी गप्प. "आणि रटरटवलंस ना? अरे, रटरटते ती डाळ. याला कडेला एखादा बुडबुडा यायला हवा, बस."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तीस रुपये मुकाट्याने दिले. घरी आल्यावर पाये, मान, नळ्या पातेल्यात, वर बुडेल एवढं थंड पाणी. थंडच, कारण पाणी सावकाश तापलं की रक्त आणि मळी हळूहळू सुटून वर येते. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं तसंच राहू दिलं. वर जमलेला तो राखाडी साका पाहिला आणि कालच्या चमच्याबद्दल आबांची मनोमन माफी मागितली. सगळं पाणी मोरीत ओतलं, हाडं नळाखाली एकेक चोळून धुतली, पातेलंही घासलं.

मग चार लिटर ताजं पाणी. एक मोठा कांदा आडवा कापून त्याची कापलेली बाजू निखाऱ्यावर काळी करून टाकली, तिने सुपाला तांबूस रंग येतो. लसणाचा अख्खा गड्डा, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा, दहा-बारा मिरे, एक मसाला वेलची, दोन तमालपत्रं, हळद. मीठ नाही. पाणी आटत जाणार असतं, आधी घातलेलं मीठ शेवटी खारट होतं.

आणि इथे त्या शेगडीने मला जिंकलं. निखाऱ्यांवर राख पसरली की आच इतकी मंद होते, की गॅसच्या बारीकातल्या बारीक ज्योतीलाही ते जमत नाही. पातेल्याच्या एका कडेला बुडबुडा यायचा, जरा थांबून दुसरा. जोरात उकळलं की चरबी ताक घुसळल्यासारखी पाण्यात घुसळली जाते, मळीचाही भुगा होतो आणि सूप गढूळ होतं. मंद आचेवर दोन्ही निमूट वर येतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. साडेपाच तास लागले. पाणी कमी झालं तर उकळतंच घालायचं, एवढंच काम. सकाळी गच्चीवर धुकं होतं, किल्ला कुठे आहे ते सवयीने कळत होतं, दिसत नव्हता. अकराच्या सुमाराला त्याची तटबंदी उमटायला लागली, तेव्हा आबा कानटोपी घालून, खुर्ची ओढत वर आले आणि दिवसभर शेगडीपाशी बसून मला सूचना देत राहिले. मानेचं मांस तीन तासांनी हाडापासून सुटलं. ते मी काढून घेतलं, नाहीतर त्याचा चोथा होतो. पाये आणि नळ्या शेवटपर्यंत आत.

(स्वयंपाकघर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी पहिलं पाणी ओतून दिल्यावर खुशाल कुकर लावावा. आत पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं, त्यामुळे एक शिट्टी आणि मग बारीक आचेवर तासभर पुरतो.)

गाळून घेतलेलं सूप गार पाण्याच्या टबात पातेलं ठेवून निववलं आणि रात्रभर गच्चीवरच ठेवलं. पारा सहा-सातावर होता, फ्रिजची गरजच नव्हती. मांजरांसाठी झाकणावर पाटा ठेवला.

सकाळी झाकण काढलं. वर डालड्यासारखा पांढरा, घट्ट थर. चमच्याने कडेने सोडवला तर पापडासारखा तुकड्यांनी निघाला. आणि खाली पाणी नव्हतंच. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं काहीतरी होतं, पातेलं हलवलं की खरवसासारखं थरथरणारं. पायांत मांस जवळजवळ नसतंच. असते ती कातडी, शिरा, सांध्यांवरची कूर्चा. त्यांतलं कोलॅजन तासन् तास गरम पाण्यात राहून विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. बाजारात जेलीसाठी पुड्या मिळतात तेच हे. गरम असताना ते ओठांना किंचित चिकटतं, सुपाला जो भरीवपणा येतो तो त्याचाच. नुसत्या बोट्यांचं पाणी कितीही आटवा, तो येत नाही.

खाली ओरडून हिला बोलावलं. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली, तिथूनच पाहिलं. "दिवसा ऊन असतं," ती म्हणाली, "खराब होईल. दोन पिशव्यांत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा." मी काही बोललो नाही. असल्या वेळी बोलू नये.

आता ते पोटभरीचं करायचं होतं. इथल्या हिवाळ्यातली लाल गाजरं, एक शलगम, मूठभर मटार त्यातच मऊ शिजवले आणि आबांसाठी रवीने घोटले. मानेचं मांस बोटांनी उसवून घातलं. दाटपणासाठी चमचाभर बाजरीचं पीठ कोरडं भाजून, गार पाण्यात कालवून सोडलं. चंबळच्या या पट्ट्यात बाजरीला तोटा नाही, आणि कॉर्नफ्लॉवरचा तो गुळगुळीत बुळबुळीतपणा मला सहन होत नाही. मीठ आत्ता. तुपात लसूण लाल करून वर, लिंबू, कोथिंबीर.

आबांनी दोन वाट्या घेतल्या आणि नळीतला मगज टोचणीने काढून भातावर घेतला. आता हाडं मजबूत होतील, म्हणाले. हे मात्र खरं नाही. हाडांतलं कॅल्शियम बहुतेक हाडांतच राहतं, पेलाभर दुधात या सुपाच्या कितीतरी पट असतं. मी हे त्यांना सांगितलं. "मग रात्री दूधही दे," ते म्हणाले.

त्या पातेल्यात मोठ्या आठ वाट्या झाल्या. रोज लागेल तेवढंच काढून खळखळून उकळायचं; तीन दिवस पुरलं. मग पुन्हा पाये, पुन्हा मान, पुन्हा शेगडी. शेजारची खिडकी आता उघडी असते.

कवळी आली ती नेमकी अमावास्येला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, आता दोन्ही पंचांगांनी पौष. हिने स्वतः मटणाचा रस्सा केला, स्वयंपाकघरात, कुकरमध्ये. आबा नवे दात लावून ताटावर बसले, एक बोटी चावून पाहिली, मान डोलावली. मग मला हळूच विचारलं, "ते कालचं आहे का रे थोडं?" खालच्या कप्प्यात वाटीभर होतं. मी ते तापवून आणेपर्यंत त्यांनी कवळी काढून, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती.