कूलंट वाढवलं आणि गाडी जास्त तापली

ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला इंजिनाचं तापमान १०८ वर गेलं आणि मी मुकाट्याने गाडी बाहेर काढली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ॲल्युमिनियमचं हेड, रेडिएटर कंपनीने दिलेलाच. रोजच्या रस्त्यावर हीच गाडी ९० च्या आसपास शहाण्यासारखी असते.

घरी येऊन मी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यात फिरणारं द्रव, वाढवलं. डोक्यातलं गणित सरळ होतं: नावातच थंडावा आहे, तर जास्त घाला. रेडिएटरमधून अडीच लिटर काढलं आणि तेवढंच कॉन्संट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, ओतलं. वर हातात होता तो हिरवा डबा. आत गुलाबी होतं. दोन्ही मिळून गढूळ चहासारखा रंग आला, तेव्हाच थांबायला हवं होतं. पुढच्या वेळी ट्रॅकवर १०८ दुसऱ्याच लॅपला दिसले.

मग बसून वाचलं. कॉन्संट्रेट म्हणजे बहुतांश एथिलीन ग्लायकोल, पण उष्णता वाहून नेतं ते पाणी. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल घेतं; निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकोल असलेलं मिश्रण साधारण ३.४ घेतं. उष्णता सोडण्या-घेण्यातही हे मिश्रण पाण्याच्या दोन-तृतीयांशावर येतं, शिवाय घट्ट असल्यामुळे पंपाला जड जातं. ग्लायकोलचं काम वेगळं: पाणी गोठू न देणं आणि उकळण्याचा बिंदू थोडा वर नेणं. गंज थांबवतात ती त्यात मिसळलेली रसायनं. गोठण्याचं गणितही गमतीचं आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उणे ३७ पर्यंत काही होत नाही, पण निव्वळ ग्लायकोल उणे १३ च्या आसपासच गोठतं. म्हणजे मी थंडावा घालवला आणि फारसं काही कमावलं नाही.

या चुकीत मी एकटा नव्हतो याचा जरा आधार वाटला. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचं मर्लिन इंजिन आधी निव्वळ ग्लायकोलवर चालायचं. पुढे त्याला ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकोल, तेही दाबाखाली, दिलं गेलं.

'दाबाखाली' हा शब्द महत्त्वाचा. माझ्या कूलंटच्या टाकीच्या झाकणावर १.१ बार लिहिलंय. तेवढ्या जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० च्या पुढे उकळतं. म्हणजे झाकण धड असेल तर उकळण्याच्या भीतीने ग्लायकोल वाढवायची गरजच नव्हती. झाकण काढून पाहिलं तर त्याची रबरी रिंग कडक होऊन तडकलेली. (इंजिन गार असताना काढलं. गरम इंजिनावर हे झाकण उघडणाऱ्याला चेहरा भाजल्यावरच अक्कल येते.)

आता कूलंट कुठलं घ्यायचं? रंगावर अजिबात जायचं नाही. रंग म्हणजे नुसता डाय, कंपनीगणिक वेगळा. गुलाबी डब्यात एकाचं एक असतं, दुसऱ्याचं दुसरंच. पाहायची ती गंजरोधक रसायनं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट वगैरे असतात, ते धातूवर पटकन थर धरतात पण लवकर संपतात. सेंद्रिय आम्लांवर चालणारं जास्त टिकतं. या दोन्हींच्या मधलं हायब्रिड. त्यातही जपानी गाड्यांची परंपरा फॉस्फेट घालून सिलिकेट टाळायची, युरोपातल्यांची बरोबर उलटी. तिकडे पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि फॉस्फेटचं जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जमत नाही, क्षार बसतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: सेंद्रिय आम्लं, सोबत फॉस्फेट, सिलिकेट नको. ही ओळ मी गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा वाचली.

मी हिरवं आणि गुलाबी एका काचेच्या बरणीत मिसळून रात्रभर ठेवलंही होतं. गाठी झाल्या नाहीत. पण त्याने काही सिद्ध होत नाही. गाठी न होताही रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात, ते बरणीत दिसत नाही. म्हणून सगळं काढून टाकायचं ठरवलं.

आधी आतल्या मिश्रणात ग्लायकोल किती टक्के आहे ते मोजलं. रिफ्रॅक्टोमीटर लहानसं दुर्बिणीसारखं यंत्र. आधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणायची, पुसायचं, मग कूलंटचा थेंब, वर झाकणी दाबायची आणि उजेडाकडे तोंड करून पाहायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा. पट्टीवर एथिलीन आणि प्रोपिलीन अशा दोन ग्लायकोलचे वेगळे स्तंभ असतात, चुकीचा वाचू नये. माझ्या पट्टीचा शेवटचा आकडा ६० होता आणि रेघ त्याच्याही पलीकडे. कागदावर हिशोब केला तर ६५ टक्के.

खरी मेख पुढे होती. गाडीत एकूण आठ लिटर मावतं, पण ड्रेन प्लग उघडल्यावर पडलं साडेपाचच. उरलेलं अडीच लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत बसून राहतं. म्हणजे डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर चालू ठेवून इंजिन गरम करून, गार होऊ देऊन काढलं तरी ६५ चे २० टक्केच होतात. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा दोन. तीन वेळा केलं, संध्याकाळ त्यातच गेली. नळाचं पाणी वापरलं नाही, कारण शेवटचं अडीच लिटर आतच राहणार होतं आणि माझं नवं कूलंट फॉस्फेटवालं.

मी आधी तयार मिश्रणाचा, ५० टक्क्यांचा डबा आणून ठेवला होता. बरं झालं, ओतायच्या आधी कागद काढला. आतल्या अडीच लिटर पाण्यावर साडेपाच लिटर तयार मिश्रण ओतलं असतं तर झाले असते जेमतेम ३४ टक्के. धुतल्यानंतर कॉन्संट्रेटच हवं. मी ४० टक्के ठरवले: उणे २४ च्या आसपासपर्यंत निश्चिंती, गंजरोधक पुरेसं, आणि पाणी जास्त. आठ लिटरचे ४० टक्के म्हणजे ३.२ लिटर कॉन्संट्रेट आधी, मग २.३ लिटर डिस्टिल्ड वॉटर. बऱ्याच ट्रॅकवर शर्यतीत ग्लायकोलला बंदीच असते, कारण सांडलं की वाळत नाही आणि मागच्यांची चाकं घसरतात. तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि गंज रोखणारं ॲडिटिव्ह एवढंच चालतं. माझी गाडी रस्त्यावरही धावते, थंडीत उभी राहते. गोठलेलं पाणी ब्लॉक फोडतं, म्हणून तो मार्ग घेतला नाही.

मापाच्या भांड्यातून ओतत गेलो. ३.२ गेलं. पाणी मात्र १.९ लिटरवरच थांबलं, टाकी काठोकाठ. भांड्यात ४०० मिली उरले. म्हणजे तेवढी हवा आत कुठेतरी अडकली होती.

गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं, ब्लीड स्क्रू, म्हणजे अडकलेली हवा सोडायचा स्क्रू, सैल केला, हीटर फुल. पहिली दहा मिनिटं हीटरमधून गार वारा, स्क्रूतून फसफस. वरचा होज हाताला गार. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप, उघडला तसा होज एकदम तापला, टाकीत गुडगुड झाली आणि पातळी झपकन खाली गेली. थोडं थोडं पाणी घालत गेलो. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आली तेव्हा तो घट्ट केला. रात्रभर गार झाल्यावर आणखी थोडं लागलं. भांडं रिकामं झालं.

थोडं फिरवून, सगळं एकजीव झाल्यावर पुन्हा मोजलं: रेघ ४१ वर. तो एक टक्का धुताना उरलेल्या जुन्याचा असावा.

जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून, वापरलेलं ऑइल घेतात तिथे दिलं. एथिलीन ग्लायकोल गोडसर असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. खाली सांडलेले थेंबही भरपूर पाणी ओतून धुतले.

ट्रॅकवर परत गेलो तेव्हा सहाव्या लॅपलाही १०३ च्या वर गेलं नाही. यातलं किती नव्या मिश्रणाचं आणि किती नव्या झाकणाचं, हे सांगता येणार नाही. दोन्ही एकदम बदलले, हा माझा आळस. ५० टक्क्यांचा तो न उघडलेला डबा अजून फळीवर आहे.