राखणदार असलेली रानं

देवराईतली पायवाट तुडवत जी मुलं शाळेत आली, त्यांना परीकथांमधली जंगलं परकी वाटत नाहीत. ग्रंथालयाच्या तासाला बाईंनी ग्रिम बंधूंच्या गोष्टी हातात ठेवल्या तेव्हा माझंही तसंच झालं. आज कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी याच जंगलांवर भरभरून बोलते, त्यामुळे स्मरणिकेसाठी दुसरा विषय मनात आलाच नाही.

ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ सालचा. हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत जंगलाचं वर्णन जवळजवळ नाहीच. घरात खायला नाही म्हणून पोरांना रानात नेऊन सोडतात. एकदा खड्यांच्या खुणेने ती परत येतात, पुढच्या खेपेला पावाचा चुरा पाखरं टिपून टाकतात. इथली भीती उपासमारीची आणि आईबापांनी टाकून देण्याची आहे. त्या रानाला कुणी धनी नाही.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अथेन्सजवळच्या रानात पक नावाचा खट्याळ जीव धुकं पसरवतो. दोन तरुणांना एकमेकांच्या आवाजात हाका मारतो आणि दमून झोपेपर्यंत फिरवतो. ‘वाट सोडू नको गो, चकवो लागतलो,’ असं आजी सांगायची, तोच हा चकवा! फक्त तिथे जिवाला घोर नाही. सकाळ होईतो सगळ्यांच्या जोड्या जुळलेल्या असतात.

माझा जीव खरा अडकला तो जॉर्ज मॅकडोनाल्डच्या ‘फँटॅस्टीस’मध्ये (१८५८). त्याच्या रानात प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. अ‍ॅश वृक्ष माणसाच्या मागावर असतो, त्याच्या हाताची सावली आधी दिसते. बीच वृक्षातली बाई मात्र मायाळू. ती नायकाला तिचे केस कापायला सांगते आणि अ‍ॅशपासून राखण म्हणून ते त्याच्या अंगाभोवती बांधते. सकाळी पाहतो तर कमरेभोवती बीचच्या ताज्या पानांचा पट्टा! पुढे अल्डर वृक्षातल्या मोहिनीला तो भुलतो आणि तोच पट्टा फाटून अ‍ॅशच्या हातात लोंबताना दिसतो. वर्गात हे वाचताना आजही माझा आवाज बदलतो. भीती आणि माया इतक्या जवळजवळ उभ्या केलेल्या मी दुसरीकडे वाचल्या नाहीत.

टोल्किनने मात्र दोन निराळी रानं उभी केली. ‘द हॉबिट’मधलं (१९३७) मर्कवूड एकेकाळी हिरवंगार होतं, मग दुष्ट शक्तीची सावली पडून ते आजारलं. वाट सोडायची नाही, ही तिथेही ताकीद आहेच. हवा कोंदट, ओढ्याचं पाणी काळं, अंगाला लागलं तरी गाढ झोप आणणारं. कथेचा नायक बिल्बो झाडाच्या शेंड्यावर चढतो तेव्हा ऊन, वारा आणि काळी फुलपाखरं दिसतात. रानाचा शेवट काही दिसत नाही, कारण झाड खोलगट जागी आहे. केवढी घुसमट आहे या एका प्रसंगात!

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं लोथलोरिएन याच्या अगदी उलट. झाडाच्या सालीवर हात ठेवताच कथेचा नायक फ्रोडोला त्या जिवंत झाडाचाच आनंद जाणवतो. तरीही त्याचा सोबती बोरोमिर आत शिरायला कचरतो. या रानाची भीती दुष्टाला, किंवा मनात काही वाईट घेऊन येणाऱ्याला, असं दुसरा सोबती आरागॉर्न बोरोमिरला बजावतो.

हे मला आपल्या देवराईने आधीच शिकवलं होतं. मांडीएवढे जाड गारंबीचे वेल, हातभर लांब शेंगा आणि दुपारीही अंधार. पण तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात. राखणदार आहे म्हणून धाक, आणि राखणदार आहे म्हणूनच भरवसा. लोथलोरिएनवर तिथल्या स्वामिनीची, गॅलाड्रिएलची नजर आहे, मर्कवूडचा मात्र ताबाच वाईटाकडे गेला. जंगलाचा मूड झाडांच्या दाटीवर ठरत नाही, ते कुणाच्या राखणीत आहे यावर ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

ही सगळी पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला देते आहे. आठवीच्या मुलांनी ‘द हॉबिट’पासून सुरुवात करावी. ‘फँटॅस्टीस’ची भाषा जुन्या वळणाची आहे, ते दहावीनंतर घ्या, आणि अडलं तर मला जरूर विचारा.