एल.ए. न्वार: चेहरा कमी, वही जास्त

'एल.ए. न्वार' या गुप्तहेरगिरीच्या व्हिडिओ गेममध्ये आपण पोलीस होऊन संशयितांची चौकशी करतो. समोरच्याने उत्तर दिलं की हातात तीनच पर्याय उरतात: खरं, शंका किंवा खोटं. मे २०११ मध्ये हा गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर दोन्हीकडे १०० पैकी ८९ गुण. खेळणाऱ्यांचं मात्र या तीन बटणांशी कधी धड जमलं नाही.

गोम अशी की जाहिरातीचा सगळा भर चेहऱ्यांवर होता. गेम बनवणाऱ्या सिडनीच्या टीम बोंडी या कंपनीने ३२ कॅमेरे लावून नटांचे चेहरे टिपले. त्यामुळे लोक नजर चुकवणारा माणूस दिसला की 'खोटं' दाबून मोकळे होतात, आणि तिथेच फसतात. चेहऱ्यावरून फक्त एवढंच कळतं, की हा काहीतरी लपवतोय. शंका की खोटं, हे सापडलेले पुरावे जिथे नोंदले जातात ती वही ठरवते. त्याचं म्हणणं खोडून काढणारा पुरावा वहीत असेल तर 'खोटं', नसेल तर 'शंका'. बस.

त्यातही एक सोय आहे, जी बरेच जण वापरतच नाहीत. 'खोटं' दाबलं की समोरचा उसळून काहीतरी बोलतो, आणि कोणता पुरावा हवा याचा इशारा बहुधा त्याच बोलण्यात असतो. तसा पुरावा वहीत नसेल तर आरोप मागे घ्यायचा. प्रश्न वाया जात नाही.

अर्थात वही आधी भरलेली हवी. वाहतूक विभागातली 'द ड्रायव्हर्स सीट' ही केस बघा. रक्ताने माखलेली रिकामी गाडी, जवळच लोखंडी पाइप. पाइप नुसता उचलून भागत नाही. हातात फिरवला तरच त्यावरचं 'इन्स्टाहीट' हे नाव दिसतं, आणि मग बेपत्ता माणसाच्या घरचा वॉटर हीटर बघताना डोक्यात ट्यूब पेटते. डिकीत जिवंत डुक्कर विकत घेतल्याची पावती सापडते. रक्त कुणाचं, ते समजून घ्या.

सगळे धागे मिळेपर्यंत घटनास्थळी संगीत वाजत राहतं. मिळाले की थांबतं. म्हणून अडल्यावर मदत करणारे 'इंट्युशन'चे (अंतःप्रेरणेचे) गुण तिथे उधळू नयेत. ते जास्तीत जास्त पाचच साठतात, आणि चौकशीत एक चुकीचा पर्याय उडवायला जास्त कामी येतात.

आता 'शंका' दाबल्यावर कोल फेल्प्स, म्हणजे आपण खेळतो तो पोलीस, अचानक एखाद्या विधवेच्या अंगावर का ओरडतो? कारण मूळ आराखड्यात ते बटण दरडावण्याचं होतं. नाव नंतर बदललं, आवाज तसाच राहिला. एक्सबॉक्सवर ते एक्स बटणावर होतं, म्हणून 'शंकेसाठी एक्स दाबा' हे मीम आजही गेम न खेळलेले लोकसुद्धा वापरतात. २०१७ च्या नव्या आवृत्तीत पर्याय झाले चांगला पोलीस, वाईट पोलीस आणि आरोप. ओरडणं आता पटतं, पण उत्तर खरं वाटलं म्हणून 'चांगला पोलीस' व्हायचं हे काही गळी उतरत नाही.

खरी नाराजी होती हत्या विभागावर, आणि ती रास्तच आहे. (पुढे रहस्यभेद आहे.) 'द गोल्डन बटरफ्लाय'मध्ये मृत बाईच्या नवऱ्यावर आणि एली रूनीवर, दोघांवरही पुरावे आहेत. रूनीला आत टाकलं तर वरिष्ठ खूश, नवऱ्याला टाकलं तर शिव्या. आणि पुढे कळतं की खुनी तिसराच. एवढी जुळवाजुळव करून तर्क लढवायचा आणि गेमने तो आधीच निकालात काढलेला असायचा! १९४७ चं लॉस एंजेलिस इतकं देखणं उभं केलंय, पण त्यात करण्यासारखं थोडंच, हीही तक्रार होती. ती मला तितकीशी टोचत नाही.

केसच्या शेवटी मिळणारे पाच तारे हवे असतील तर एक लक्षात ठेवा: रस्त्यावर केलेली मोडतोडही गुणांतून वजा होते. गाडीत बसायचं बटण दाबून धरलं की जोडीदार चालवतो आणि थेट ठिकाणावर पोचवतो. फक्त तसं केलं की वायरलेसवर येणाऱ्या ४० किरकोळ गुन्ह्यांचे कॉल हुकतात, तेव्हा ते नंतर, केस नसताना, वेगळे उरकून घ्या.