शटर काउंटसाठी तीन आठवडे

हळदीचे फोटो गेले त्या रात्रीच ठरवलं, आता दोन कार्डांचा कॅमेरा घ्यायचा. माझ्या निकॉन डी५६०० मध्ये कार्डाचा स्लॉट एकच. कार्ड मध्येच बिघडलं आणि आजीने नातीच्या गालाला हळद लावली तो क्षण कायमचा गेला. लोक मेगापिक्सेल विचारतात. डी५६०० आणि मी शोधत होतो ती निकॉनचीच डी७५०, दोन्ही २४ चेच. पण डी७५० मध्ये प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरवता येतो. लग्नाचं काम करणाऱ्यासाठी प्रोफेशनल बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) म्हणजे आधी हे, बाकी सगळं नंतर.

नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी शोधली. एका दुकानदाराने सांगितलं, "दादा, जेमतेम तीस हजार क्लिक झालेत." या बॉडीचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, त्यामुळे हा आकडा खरा असेल तर सौदा उत्तम. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती क्लिक केले तो आकडा, लिहिलेला असतो. मी म्हटलं, आत्ता काढलेला एक फोटो पाठवा. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि ही आतली माहिती पुसून टाकतं. मी सांगितलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पुन्हा साधाच फोटो आला. मग "पोरगा सुट्टीवर आहे", मग "सोमवारी बघू", मग "फोटो पाठवला ना, अजून काय पाहिजे?" एका फाइलसाठी तीन आठवडे! त्यात माझ्या दोन सुपाऱ्या भाड्याच्या कॅमेऱ्यावर झाल्या.

शेवटी पहाटेच्या एसटीने कराडहून पुणं गाठलं. माझं कार्ड त्या बॉडीत घातलं, काउंटरवरच्या बिलबुकाचा एक फोटो काढला आणि तिथेच लॅपटॉप उघडला. एक लाख एकसष्ट हजार! ग्रिपचं रबर नवं चिकटवलेलं होतं, म्हणून वरून बॉडी कोरी दिसत होती. मी कार्ड काढलं आणि बाहेर पडलो. अजून आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन जा. फोनवर सांगितलेल्या आकड्यावर टोकन देऊ नका.

पुढे साताऱ्याच्या एका फोटोग्राफरने दहा मिनिटांत मूळ फाइल मेल केली. ४८ हजार. त्याच आठवड्यात बॉडी घरी आली. हातात वजन जाणवतं, पण आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) यांची स्वतंत्र बटणं आहेत, मंगलाष्टका चालू असताना मेन्यूत शिरावं लागत नाही. बॉडीतच फोकस मोटर असल्याने माझी जुनी ५० एमएम डी लेन्स आता स्वतः फोकस करते. डी५६०० वर ती हातानेच फिरवावी लागायची.

हो, बजेट मांडताना दोन गोष्टी धरा. डी५६०० ची बॅटरी डी७५० ला बसत नाही. आणि डी५६०० सोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स बसते, पण ती लहान सेन्सरसाठीची असल्याने फोटो जेमतेम १० मेगापिक्सेलचा मिळतो.