जांभळी नाक्यापासून जेलच्या तटापर्यंत

ठाण्याचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास पहिल्या रेल्वेवर येतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. शाळेत आम्हीही हेच घोकलं. पण पश्चिमेला उतरून जांभळी नाका, टेंभी नाका, कोर्ट नाका असं करत सेंट्रल जेलपर्यंत चालत गेलात, तर गाडी येण्याच्या कितीतरी आधीचं ठाणं भेटतं. माझ्या लेखी तेच जास्त मोलाचं आहे.

माझी आत्या लग्नाआधी खारकर आळीत राहायची, म्हणून या फेरीला तिलाच सोबत घेतलं. गुडघे दुखतात तिचे, पण रिक्षाचं नाव काढलं तर म्हणाली, "रिक्षा कशाला गं? जेलपर्यंत तर जायचंय."

स्टेशनातून बाजाराकडे निघालं की सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय लागतं. १ जून १८९३ ची स्थापना. त्यामागे होते विनायक लक्ष्मण भावे, मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणाऱ्या 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. भाव्यांचा धंदा मिठागरांचा. दिवसा मीठ आणि उरलेल्या वेळात जुन्या कवींची बाडं, असा हा माणूस. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती हे नव्या सोसायट्यांत वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं, आणि त्या मिठातून एक ग्रंथालय उभं राहिलं हे तर सांगायलाच हवं.

जांभळी नाक्यावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. केळीच्या पानांचे भारे, शेवंतीच्या पाट्या, हातगाड्यांवर पालेभाज्या, आणि त्या गर्दीतून आत गेलं की कोपिनेश्वर. शिवस्थान शिलाहारांच्या काळातलं मानतात. आजचं देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलं. पिंडी इतकी मोठी की पहिल्यांदा पाहणारा दोन पावलं मागे सरतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा मानही याच देवळाचा. शेजारी मासुंदा तलाव, तलावाकाठी पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. तलावपाळी ठाणेकरांना पाठ आहे.

टेंभी नाका म्हटलं की नवरात्रातली देवी, दहीहंडी आणि आनंद दिघे. आत्या मात्र सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर थांबली ती सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरापाशी. शाअर हशामाईम, १८७९ सालचं. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली लोकांचं. धंदा तेलाचा आणि शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावांत त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून पडलेली किहीमकर, पेणकर अशी आडनावं, घरात बोली मराठी.

"माझी एक मैत्रीण होती यांच्यातली. मलिदा असला की मला बोलवायची," आत्या सांगत होती. "गोड पोहे, वर ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं. आधी प्रार्थना, मग खायचं. मी मधेच हात घातला होता एकदा, तर तिच्या आईने कौतुकानेच हात धरला."

"मग?"

"मग काय, पुढे इस्रायलला गेले ते. पत्रं यायची बरीच वर्षं."

कोर्ट नाका ओलांडला की गर्दी ओसरते आणि तट दिसू लागतो. काळा दगड, सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपटी, वर पहारा. रोज हजारो माणसं इथून जातात आणि 'जेल' म्हणतात. हा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला. तो पुरा व्हायच्या आतच, १७३७ च्या मार्चमध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. त्या मोहिमेत अंजूरच्या नाईकांनी, गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी, स्थानिक बाजू लावून धरली होती. वसईचा विजय १७३९ चा, तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची वाट इथून सुरू झाली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी वेढा घालून किल्ला घेतला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला.

१७८७ साली याच किल्ल्यात खोदकाम करताना ताम्रपट निघाले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७. त्यात नगराचं नाव आहे श्रीस्थानक. म्हणजे ज्या मातीवर परक्यांनी तट उभारला, तिच्याच पोटात गावाचा हजार वर्षांचा दाखला पडून होता.

या तटाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट १८१६ ची आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होता. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने इंग्रजांनी पहाऱ्यावर गोरे ठेवले. त्यांना मराठीचा गंध नाही. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, राहिला. घोडा फिरवायला आणायचा तो नेमका खिडकीखाली, आणि फिरवता फिरवता गाणं म्हणायचा. गाण्यात सगळा बेत: माणसं कुठे लपली आहेत, घोडा कुठल्या झाडाखाली बांधला आहे. पहारेकरी ऐकत होते आणि त्रिंबकजीही. एका पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. हे गाणं टिपून ठेवलं बिशप हेबरने, आणि त्याच हेबरने १८२५ मध्ये इथल्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना केली. ते चर्च जेलपासून लांब नाही. मी आत्याला ही गोष्ट तटाशी उभी राहून सांगितली, तर ती म्हणाली, "आम्ही इथून शाळेत जायचो गं, कुणी सांगितलं नाही कधी."

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि गोष्टींचा रंग बदलला. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला धाडण्याआधी इथे ठेवलं होतं. नाशिकला तिथला इंग्रज कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला २१ डिसेंबर १९०९ ला. चार महिनेही झाले नव्हते, तोच १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच भिंतींच्या आत फाशी दिलं. अनंत अठरा वर्षांचा. आज त्या वयाची मुलं या रस्त्याने कॉलेजात जातात. तिथे उभं राहून हे वय मनात मोजलं, तेव्हा मला बोलवेना. आत्यानेही पदर डोळ्यांना लावला. १९११ मध्ये सावरकरांनाही अंदमानच्या वाटेवर इथल्याच कोठडीत ठेवलं होतं. इथून त्यांना रेल्वेने मद्रासला नेलं. पहिल्या गाडीचा अभिमान बाळगणाऱ्या गावाने हा प्रवासही लक्षात ठेवला पाहिजे.

आत आजही कारागृह चालू आहे, त्यामुळे वाटेल तेव्हा जाता येत नाही. फोटो काढायला गेलात तर पहाऱ्यावरचे शिपाई हटकतील, आणि ते बरोबरच आहे. मुलांना घेऊन जायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर निघा. मामलेदार कचेरीपाशी मिसळ खा, सवय नसेल तर कमी तिखटच सांगा, आणि बाहेरच्या रस्त्याने तटाच्या कडेकडेने चाला. त्रिंबकजीची गोष्ट तिथेच सांगा. आणि अनंत, कृष्णाजी, विनायक ही तीन नावं मुलांकडून तिथेच म्हणवून घ्या.