उम्बेर्तो एको वाचताना : कादंबरी अडली, तेव्हा सौंदर्याकडे वळलो

इटालियन लेखक उम्बेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ' या कादंबरीची पहिली शंभरेक पानं सरता सरत नाहीत, ही तक्रार माझी एकट्याची नाही. ती कमी करा, असं एकोला त्याच्या मित्रांनी आणि संपादकांनीही सुचवलं होतं. त्याने ऐकलं नाही. मठात सात दिवस राहायचं तर मठाच्याच चालीने चाला, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा हा शुद्ध हट्ट वाटला.

१३२७ सालचा इटलीतला बेनेडिक्टाइन पंथाचा ख्रिस्ती मठ, एकामागून एक मरणारे भिक्षू, छडा लावायला आलेला विल्यम आणि त्याचा कोवळा शिष्य अद्सो. एवढा मसाला असून गोष्ट हलेचना. पहिल्याच दिवशी अद्सो चर्चच्या दारावरचं कोरीवकाम बघत थांबतो तो थांबतोच. सिंहासन, चोवीस वृद्ध, सापांनी आणि बेडकांनी कुरतडलेली बाई... पानंच्या पानं. लॅटिन वाक्यं मी बेलाशक ओलांडत होतो, पण हे दार काही ओलांडता येईना.

मग कादंबरी बाजूला ठेवून त्याचंच 'ऑन ब्यूटी' घेतलं. २००४ चं, चित्रांनी भरलेलं जाडजूड पुस्तक. (यातली बरीच प्रकरणं जिरोलामो दे मिकेलेंची आहेत, हे आतली पानं बघितल्यावरच कळतं.) ग्रीकांवरून भराभर पुढे गेलो आणि मध्ययुगात रमलो. एको मुळात तिथलाच माणूस. १९५४ मध्ये तोरिनोला त्याने पदवी घेतली तीच मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावर प्रबंध लिहून. आपण ज्याला अंधारयुग म्हणतो त्या काळातली माणसं प्रकाशावर आणि झगझगीत रंगांवर किती लुब्ध होती, हे तो दाखवतो. पुढचंच प्रकरण राक्षसांच्या सौंदर्यावर. त्यात बाराव्या शतकातला ख्रिस्ती मठाधिपती, क्लेरव्होचा बर्नार्ड भेटतो. भिक्षू वाचत बसतात तिथे भिंतींवर ही माकडं, हे सिंह, हे अर्धे घोडे-अर्धी माणसं कशाला, म्हणून तो चिडलाय. पण चिडता चिडता इतक्या चवीने वर्णन करतो की त्याने ती शिल्पं डोळे भरून पाहिली असणार, याबद्दल मला शंका नाही.

कादंबरीकडे परतलो तर मठातला आंधळा म्हातारा भिक्षू होर्हे हाच वाद घालताना सापडला. पोथीच्या समासात कुत्र्यांच्या मागे लागलेला ससा काढलाय, त्यावर तो भडकलेला. हसू आणि सौंदर्य दोन्ही त्याला हाताबाहेर जाणारं वाटतं, आणि खुनांचं मूळ तिथेच आहे. आता दाराचं वर्णन पुन्हा वाचलं. अद्सोची घाबरगुंडी या वेळी मलाही जाणवली. उरलेली पानं झपाट्याने संपली.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी खरं तर एकोच्याच 'बाउदोलिनो' या कादंबरीपासून सुरुवात करावी. १२०४ मध्ये धर्मयोद्धे कॉन्स्टँटिनोपल लुटतायत आणि एक कबूल थापाड्या आपली हकीकत चक्क निकेतास या खऱ्याखुऱ्या इतिहासकाराला सांगतोय. एकोचं जन्मगाव अलेस्सांद्रिया कसं वसलं, तेही त्यात येतं. 'फूकोज पेंड्युलम' मात्र मी अजून उघडलेलं नाही. त्याआधी 'ऑन अग्लीनेस' मागवलंय.